समुद्र शेवटी

नेदरलँड्समध्ये, लायडनला आमच्या ऑफिसात दुपारी जेवताना एक सहकारी सुट्टीचे बेत सांगत होती. तिला मॉरिशसला जायचं होतं. बेटावर बघायच्या गोष्टींचं एक पान मोबाइलवर उघडून तिने तो टेबलाच्या मध्ये ठेवला. पहिला फोटो समुद्राचा, दुसरा समुद्राचा, तिसऱ्यात समुद्राकडे पाय करून कुणीतरी झोपलेलं. मी सहज म्हणाले, समुद्र शेवटी बघ. तिने विचारलं, का? सांगायला बसले असते तर जेवणाची सुट्टी पुरली नसती.

कारण म्हणजे सखारामकाका.

लायडनच्या आधी फेल्डहोवनला मी नोकरीला लागले तेव्हा ते माझे शेजारी होते. एका ओळीत चिकटून बांधलेली विटांची घरं, पुढे हातभर बाग, मागे सायकलींची खोली. मी शिक्षण संपवून नुकती कामाला लागले होते. लांज्याच्या शाळेत शिकलेली, घरातली पहिली पदवीधर. दारावरच्या पाटीवर माझं आडनाव वाचून त्यांनी बेल वाजवली होती. लोकरीची टोपी घातलेला सावळा, उंच, वाकलेला माणूस. हातात झाकण लावलेली वाटी. म्हणाले, “आपण महाराष्ट्रातून आलात काय? मी सखाराम. भोजन झाले काय गो तुझे?”

एकाच वाक्यात ‘भोजन’ आणि ‘गो’ ऐकून मी दार धरून उभी राहिले. वाटीत मिरची-मीठ लावलेल्या कैरीच्या फोडी होत्या.

त्यांचं मराठी असं का होतं ते पुढे कळलं. मॉरिशसच्या पश्चिमेला कास्कावेल नावाचं गाव आहे. तिथे उसाच्या मळ्यात मजुरीला गेलेल्या मराठी माणसांची वस्ती होती. काकांची आजी कोकणातले शब्द बोलायची आणि संध्याकाळच्या बैठकीत, म्हणजे तिथल्या मराठी शाळेत, गुरुजी पुस्तकातलं मराठी शिकवायचे. दोन्ही त्यांच्या तोंडात शेजारी शेजारी राहिलं. आडनाव सखाराम, कारण पणजोबा बोटीतून उतरले तेव्हा कारकुनाने नाव विचारलं आणि त्यांनी स्वतःचं सांगितलं. त्या नावाचंच मग आडनाव झालं. “तुम्ही मला माझ्या पणजोबांच्या नावाने हाक मारता आणि वर काका म्हणता,” ते म्हणायचे. “माझे स्वतःचे नाव कोणाला नकोच आहे.” त्यांचं स्वतःचं नाव विनायक होतं. ते वापरणारं एकच माणूस होतं, त्यांची बायको.

आनेके डच होती. मी त्यांना ओळखायला लागले तेव्हा ती दोन रस्ते पलीकडे, म्हाताऱ्या माणसांची देखभाल करतात त्या केंद्रात राहत होती. तिला स्मृतिभ्रंश झाला होता. घर, शेजारी, स्वतःची बहीण, काल काय खाल्लं, सगळं जात चाललं होतं. राहिलं होतं ते बेट. बेटावर ती सव्वीस वर्षांची होती आणि विनायक तिला रस्ते दाखवत होता. ती बेटावर असेपर्यंत काकांना ओळखायची. बेटावरून खाली उतरली की ओळखायची नाही. हे काकांनी मला पहिल्याच महिन्यात सांगितलं, गॅस सिलिंडर संपलाय असं सांगावं तशा आवाजात. म्हणून दर शनिवारी ते तिला चाकाच्या खुर्चीत बसवून मॉरिशस दाखवायला नेत.

या शनिवारच्या फेरीचं मला आधी कळलं नव्हतं. एका शनिवारी मी सायकलवरून बाजाराला निघाले होते. खेमेंटेच्या, म्हणजे नगरपालिकेच्या इमारतीसमोर काका खुर्चीचा ब्रेक लावून उभे होते. इमारत बंद. समोर दगडी पायऱ्या. ते पायऱ्यांकडे बोट करून क्रिओलमध्ये, म्हणजे बेटावरच्या बोलीत, काही सांगत होते आणि आनेके लक्ष देऊन ऐकत होती. मला वाटलं काही काम अडलंय. मी थांबून विचारलं. काका म्हणाले, “या घाटाच्या पायऱ्या. पोर्ट लुईस. इथे आम्ही उतरलो.” मग जरा बाजूला होऊन मला जागा करून दिली. “ये, तूही उतर.”

मी सायकल स्टँडला लावून पायरीवर उभी राहिले. दुसरं काय करणार?

तेव्हापासून जमेल त्या शनिवारी मी त्यांच्याबरोबर जात असे. क्रम ठरलेला होता आणि तो मोडायचा नाही. पायऱ्यांनंतर बाजार, म्हणजे चौकातली मासेवाल्याची आणि चीजवाल्याची गाडी. तिथे काका दालपुरी कशी असते ते सांगत आणि तळलेल्या माशाचा तुकडा फुंकर मारून आनेकेला भरवत. मग पांप्लेमूसची बाग. ती म्हणजे पार्कमधलं तळं. तिथे पाण्यावर परातीएवढी पानं असतात आणि त्यांच्यावर तान्हं मूल ठेवलं तरी बुडत नाही, असं ते सांगत, तेव्हा आमच्यासमोर दोन बदकं आणि एक चिप्सचं पाकीट तरंगत असे. मग क्युरपीपचा विझलेला ज्वालामुखी. त्यासाठी मोठ्या रस्त्याखालून जाणारा सायकलींचा बोगदा होता. खुर्ची उतारावरून खाली जाताना आनेके दोन्ही हात वर करायची. तळाला पोचलं की काका म्हणत, “आता आपण तोंडात आहोत.” वर चढवताना मी ढकलायची.

वसाहतीमागच्या पावसाच्या पाण्याच्या डबक्याला गंगा तलाव म्हणायचं. तिथे ते बूट काढत. थंडीतही काढत. मी म्हटलं, काका, हे खरं तळं नाही, पाय गारठतील. ते म्हणाले, “तिथलेही आधी नुसते डोंगरातले तळेच होते. लोक बूट काढायला लागले, तेव्हा ते गंगा झाले.”

शामारेलची सात रंगांची माती मात्र त्यांना बरेच दिवस सापडत नव्हती. शेवटी सुपरमार्केटच्या मागे काचेच्या बाटल्या टाकायचे मोठे डबे दिसले. पांढऱ्या काचेचा वेगळा, हिरव्याचा वेगळा, तपकिरीचा वेगळा. काका तिथे थांबले. म्हणाले, “तीन तर झाले.” आनेके हसली. ती हसली की काका दुसरीकडे बघायचे.

शेवटी डोंगर. या देशात डोंगर नाही. आमच्या भागात सगळ्यात उंच दिसते ती आमच्या कंपनीची इमारत. चिप बनवायची यंत्रं तिथे तयार होतात आणि मी तिथे कामाला होते. तीच आमचा ल मोर्न, बेटावरचा डोंगर. गुलामगिरीच्या काळात मळ्यांतून पळालेली माणसं त्या डोंगराच्या कड्यांत लपून राहायची. काका खुर्ची तिकडे वळवून आनेकेला हे सांगत आणि मग मला मराठीत म्हणत, “आमचे लोक तिथे पळून जायचे. तुम्ही सकाळी कार्ड दाखवून आपणहून आत जाता.”

तिथून परत फिरायचं. फिरताना आनेके दर वेळी मान मागे करून विचारायची, “आणि समुद्र?”

काका म्हणायचे, “उद्या.”

समुद्र शेवटी, हा त्यांचा जुना नियम होता. मॉरिशसला निघालेला कुणीही भेटला, ऑफिसातला, मराठी मंडळातला, लग्नानंतर फिरायला जाणारं जोडपं, की ते त्याला उभं करून हा नियम सांगत. आधी उतरलो ती जागा बघावी, मग राहिलो ती, मग मौज. ‘स्वर्ग’ हा शब्द कुणी काढला की त्यांना चालत नसे. “स्वर्ग नव्हे, बेट आहे. तिथे माणसे राहतात. नळाचे पाणी जाते, मुलांना गणितात कमी गुण पडतात. मी स्वतः दिलेत.” ते तिथे गणिताचे मास्तर होते. जोडपी हसून हो हो म्हणत आणि तिकडे जाऊन आठ दिवस समुद्रावर पडून परत येत. परत आल्यावर काकांना टाळत.

नियमाचं खरं कारण आनेकेच्या बहिणीने मला सांगितलं. तरुणपणी आनेके एकटीच सुट्टीवर बेटावर गेली होती. गावातल्या ओळखीने या मास्तरांची वाटाड्या म्हणून गाठ पडली. तिला समुद्र बघायचा होता. समुद्र सगळीकडून होताच, बेटच ते. पण मास्तर तिला आधी पायऱ्या बघायला घेऊन गेले. मग बाजार, बाग, ज्वालामुखी, तलाव, माती, डोंगर. उसाच्या शेतात रचलेले काळ्या दगडांचे ढीगसुद्धा दाखवले. त्यांना एक प्रश्न विचारायचा होता आणि धीर होत नव्हता. समुद्र झाला की सहल संपणार आणि ती विमानात बसणार. शेवटच्या दिवशी संध्याकाळी दाखवण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा समुद्रावर नेलं आणि तिथे विचारलं. आनेके म्हणाली होती, मला वाटलं तू आता दगडांची नावं सांगायला सुरुवात करणार.

ती तिथेच राहिली. काही वर्षांनी तिच्या आईचं दुखणं निघालं आणि दोघं इकडे आली. काकांना जवळच्या आइंडहोवनला एका प्रयोगशाळेत मोजमापाचं काम मिळालं. “तुमच्या देशाने आमच्याकडची काळी लाकडे नेली,” ते डच शेजाऱ्यांना सांगत. “मी तुमची एक मुलगी घेतली. फिट्टंफाट झाली असती. पण तिला परत आणून द्यावी लागली.” त्या लाकडाची गोष्ट खरी आहे. डच लोक त्या बेटावर राहिले, इथल्या राजपुत्राचं नाव त्याला दिलं, तिथलं शिसवीसारखं काळं लाकूड तोडून आणलं, ऊस लावला, हरणं सोडली आणि निघून गेले. एकदा मास्ट्रिख्टला एका वस्तुसंग्रहालयात काळ्या लाकडाचं एक जुनं कपाट होतं. काका दोरीपलीकडे वाकले आणि त्यावर तळहात ठेवून उभे राहिले. पहारेकरी धावत आला. हात लावू नका म्हणाला. काकांनी हात काढला आणि शांतपणे म्हणाले, “ओळख बघत होतो.”

माझे आईबाबा तीन आठवड्यांसाठी आले होते तेव्हाची गोष्ट सांगायला हवी. बाबा लांज्याच्या एसटी डेपोत मेकॅनिक होते. पहिल्यांदाच विमानात बसलेले. मी सुट्टी काढून त्यांना ॲम्स्टरडॅम दाखवणार होते, ट्यूलिप दाखवणार होते. पहिल्याच शनिवारी काका दारात आले आणि बाबांना घेऊन गेले. संध्याकाळी बाबा परत आले ते पाय चोळत. आईला म्हणाले, “पोरीने हॉलंड बघायला बोलावलं आणि मॉरिशस बघून आलो.” आई म्हणाली, मग बरं झालं, एका तिकिटात दोन देश झाले.

त्या रात्री काका आमच्याकडे जेवायला होते. आईने कुळथाची पिठी केली होती. त्यांनी पहिला घास तोंडात ठेवला आणि बराच वेळ चमचा खाली ठेवलाच नाही. जेवण झाल्यावर त्यांनी बाबांना विचारलं. पणजोबा रत्नागिरी जिल्ह्यातले, एवढंच त्यांना माहीत होतं. गावाचं नाव आजी घ्यायची, पण ते त्यांच्या डोक्यातून गेलं होतं. कुणी उच्चारलं तर कानात घंटा वाजेल असं त्यांना वाटत होतं. तुम्ही गावांची नावं घ्याल काय?

बाबा खुर्चीत सरळ बसले. त्यांना गावं पाठ होती, पण नकाशासारखी नाही, गाड्यांसारखी. लांज्यातून सुटणारी एकेक गाडी घेऊन तिचे थांबे सांगायला लागले. कुवे, आसगे, वेरवली, भांबेड, प्रभानवल्ली. मग दुसरी गाडी. साटवलीची. मध्येच म्हणत, इथे चढ आहे, पावसाळ्यात गाडी खालीच थांबते. काका डोळे मिटून, टोपी हातात धरून ऐकत होते. आईने भांडी न वाजवता उचलली. लांज्याच्या सगळ्या गाड्या संपल्या. काकांनी डोळे उघडले.

“नाही वाजले काही,” ते म्हणाले.

बाबा म्हणाले, “अहो, अजून राजापूर डेपो आहे. देवरुख आहे. तुम्ही चहा घ्या.”

राजापूरच्या गाड्याही झाल्या. काही वाजलं नाही. काकांनी बाबांचे आभार मानले, नीट वाकून, पुस्तकातल्या मराठीत. दारात चपला घालताना मला म्हणाले, “बघ, मला ते आठवत नाही आणि मी त्यासाठी रडत नाही. आनेकेलाही तसेच होत असेल. आतून दुखत नसेल.” मी हो म्हटलं. ते मला विचारत नव्हते हे मला नंतर कळलं.

मंडळाच्या गणपतीतही एक प्रकार झाला. आइंडहोवनच्या आमच्या मंडळात बहुतेक सगळे पुण्या-मुंबईकडचे इंजिनियर. दर वर्षी काका यायचे, धोतर नेसून, मागच्या रांगेत बसायचे. त्या वर्षी नव्या कमिटीने ठरवलं की त्यांचा सत्कार करायचा. व्यासपीठावर बोलावलं, शाल आणि नारळ दिला आणि निवेदक म्हणाला, परदेशी असूनही आपल्या भाषेवर एवढं प्रेम करणारे. टाळ्या झाल्या. काकांच्या बेटावर गणपतीला सरकारी सुट्टी असते, आख्खी वस्ती झाकरी, म्हणजे आपली जाखडी, नाचते, मूर्ती डोक्यावर घेऊन पाण्यापर्यंत चालत जाते. ते लहानपणापासून त्या वस्तीत नाचलेले. त्यांनी शाल घेतली, नारळ घेतला, माइकसमोर गेले. मला वाटलं आता बोलतील. ते म्हणाले, “आभारी आहे. पाहुणचार उत्तम झाला.” आणि खाली उतरले.

गाडीत मी चिडले होते. निदान एक शब्द तरी बोलायचा होतात, मी म्हणाले. त्यांनी शालीचा काठ बोटांत धरून बघितला. “लोकर चांगली आहे गो. आनेकेचे गुडघे गार पडतात.” त्या शनिवारपासून शाल तिच्या मांडीवर असायची.

मला इथे टिकायला शिकवलं ते याच माणसाने. वाऱ्याच्या विरुद्ध सायकल कशी मारायची, हाउसआर्ट्सकडे, म्हणजे इथल्या घरच्या डॉक्टरकडे, दुखणं कमी करून सांगायचं नाही, आणि आईबाबांना फोनवर सगळं छान आहे असं रोज सांगायचं नाही, नाहीतर एक दिवस ते खोटं आपल्यालाच खरं वाटायला लागतं. माझ्या प्रबंधाचा विषय त्यांनी मला मराठीत सांगायला लावला होता. मला जमेना. ते म्हणाले, मग तुला अजून तो कळला नाही. दोन दिवस घालवून मी सांगितला. त्यांनी ऐकला आणि म्हणाले, “आता पदवी घ्यायला हरकत नाही.” पदवी मला वर्षभर आधीच मिळाली होती.

मग त्या वसंतात आनेकेची तब्येत बिघडली. खाणं कमी झालं. फेरी सुरू झाल्यापासूनच ती समुद्र विचारायला लागली. पायऱ्यांवर समुद्र, बाजारात समुद्र. बागेपाशी येईपर्यंत रडायची. केंद्रातल्या बाया सांगायच्या की संध्याकाळी खिडकीजवळ बसून हेच म्हणते. काका दर वेळी ‘उद्या’ म्हणायचे आणि तो उद्या आता तिला पुरत नव्हता.

एका संध्याकाळी ते माझ्याकडे आले, बसले नाहीत. म्हणाले, त्यांची गाडी आहे पण डोळ्यांच्या ऑपरेशननंतर लांबचं चालवता येत नाही. मी चालवीन काय? झेलंडच्या किनाऱ्यापर्यंत.

मी म्हटलं, पण काका, समुद्र शेवटी ना.

“हो,” ते म्हणाले. “पण तिला किती दिवस उद्या म्हणू? ती शंभर वर्षे जगणार नाही. मीही नाही. माझा नियम मी तिच्यासाठी केला होता. तिच्याहून मोठा कशाला करू?”

मी म्हटलं, तो समुद्र तिथल्यासारखा नसेल. त्यांनी मान हलवली. त्यांना ते माहीत होतं. पाणी ते पाणी, ते म्हणाले. ती खारा वास ओळखेल. तिथे गेल्यावर मी पुन्हा विचारीन तोच प्रश्न. मग ती हो म्हणेल.

त्यांनी हे सगळं योजून ठेवलं होतं.

आम्ही गेलो. काकांनी टोपी काढून केस विंचरले होते आणि कोट घातला होता. आनेके मागच्या सीटवर त्यांच्याशेजारी होती, वाटेत चांगली होती. रस्त्याकडेच्या शेतांना ऊस म्हणाली. काकांनी हो म्हटलं. किनाऱ्यावर लाकडी वाट होती, खुर्ची वाळूत रुतत नव्हती. ऊन होतं, पण वारा बोचरा. पाणी करड्या रंगाचं, दूरवर मालवाहू जहाजं. मी थोडी मागे थांबले.

काकांनी खुर्ची पाण्याच्या जितकी जवळ नेता येईल तितकी नेली आणि ब्रेक लावला. तिच्यासमोर गुडघ्यावर बसले. वयामुळे बसायला वेळ लागला, हात खुर्चीवर ठेवावा लागला. क्रिओलमध्ये बोलले. मला शब्द कळत नव्हते पण प्रश्न कळत होता.

आनेके पाण्याकडे बघत होती. मग तिने त्यांच्याकडे बघितलं. मांडीवरची शाल तिने नीट केली आणि डचमध्ये, अगदी सभ्यपणे म्हणाली, “तुम्ही फार दयाळू आहात, मेनेर. पण माझा नवरा येईलच आता. तो गाडी लावायला गेलाय.”

काका उठले, तेव्हाही वेळ लागला. मी हात द्यायला पुढे गेले, तोवर ते उभे होते. पँटच्या गुडघ्यांवरची वाळू त्यांनी झटकली. तिला म्हणाले, “ठीक आहे. तोवर मी थांबतो.”

आम्ही बराच वेळ थांबलो. जवळच्या गाडीवरून मी तिघांना फ्राइज आणल्या. आनेकेने सगळ्या खाल्ल्या. परत येताना काका पुढे माझ्याशेजारी बसले होते, कारण तिने मागे अनोळखी माणूस नको म्हटलं होतं.

त्यानंतर तिने बेटाचं नाव घेतलं नाही. क्रिओल बोलली नाही. समुद्रही विचारला नाही, रडणं थांबलं, खायला लागली, केंद्रातल्या बाया म्हणाल्या, तब्येत सुधारली. काकांना ती मेनेर, म्हणजे साहेब, म्हणायची. एकदा मी म्हटलं, आपण जायला नको होतं. ते कैरी चिरत होते. म्हणाले, “ती रडत होती ना? आता रडत नाही.” फोडी वाटीत भरल्या, मीठ-मिरची लावली आणि झाकण घालून माझ्यासमोर ठेवली.

त्याच उन्हाळ्यात मला लायडनच्या सायन्स पार्कात नोकरी लागली. मी घर सोडलं. काका पुढच्या हिवाळ्यात गेले, झोपेत, तिच्या आधी. आनेकेच्या बहिणीचा फोन आला तेव्हा मी कामावर होते. फोन ठेवून मी चालू असलेलं मोजमाप पुरं केलं आणि आकडे दोनदा तपासले. बरोबर होते.

पण मला त्यांचं शेवटचं दर्शन झालं ते त्याच्या आधी, घराच्या किल्ल्या परत द्यायला फेल्डहोवनला गेले तेव्हा. शनिवार होता. स्टेशनच्या बसमधून उतरून चालत निघाले, तर खेमेंटेच्या इमारतीसमोर ती दोघं होती. खुर्ची पायऱ्यांकडे तोंड करून, ब्रेक लावलेला. आनेकेच्या गुडघ्यांवर मंडळाची शाल. काकांनी मला बघितलं आणि थांब अशी खूण केली, म्हणून मी झाडापाशी थांबले. ते तिला डचमध्ये सांगत होते, नव्याने निघालेल्या प्रवाशाला सांगावं तसं. एक बेट आहे. तिथे अशाच पायऱ्या आहेत. माणसं बोटीतून तिथे उतरली.

ती ऐकत होती. मग तिने विचारलं, “तुम्ही स्वतः गेला आहात तिथे?”

“हो,” काका म्हणाले. “बायकोबरोबर.”

तिने मान हलवली. पायऱ्यांकडे थोडा वेळ बघितलं. तिथे समुद्र आहे का, असं विचारलं.

“आहे,” ते म्हणाले, आणि खाली वाकून ब्रेक काढला. “पण तो शेवटी.”